खड्ड्यातलं दुसरं क्लॅरोनेट

"तुला वाचता येतं ना?" असं मला सिंगापूरमध्ये एकीनं विचारलं, तेव्हा मी जरा दुखावल्यासारखा होऊन म्हणालो, "येतं की. मी इंजिनिअर आहे."

विचारणारी माझ्याच विभागातली होती. आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत चिप तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो. ती तिथलीच, चिनी घरातली, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. दुपारी आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, एका टेबलावर जेवायचो. जेवणाची वाट बघताना मी मनातल्या मनात काहीतरी वाजवत असे, आणि बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप चालत. एके दिवशी तिनं माझ्या बोटांकडे बघून विचारलं, "क्लॅरोनेट वाजवतोस का रे तू?"

मी थक्क झालो. सूर ऐकून वाद्य ओळखणारे खूप भेटले होते, नुसती बोटं बघून ओळखणारी ही पहिलीच. ती स्वतः बासरी वाजवायची, आपली नव्हे, चांदीची, आडवी धरायची. दर रविवारी दुपारी बुकित तिमाहच्या एका शाळेत हौशी लोक जमून अमेरिकन पद्धतीचं संगीत नाटक बसवत होते, त्यांच्या वाद्यवृंदात ती होती. दुसरं क्लॅरोनेट वाजवणारा गृहस्थ अचानक मायदेशी परत गेला होता. नाटकाला तीन महिने उरले होते. "येतोस?" म्हणाली, आणि मग तो वाचण्याचा प्रश्न विचारला.

माझं उत्तर तसं का आलं, ते सांगायला हवं. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. मीही बारावीपर्यंत प्रत्येक लग्नसराईत लाल कोट घालून त्यांच्या मागे चाललो आहे. घरात आलेलं पत्र, रेशनचा फॉर्म, बँकेचा कागद, सगळं वाचायचं काम दहा वर्षांचा असल्यापासून माझं. तेव्हा वाचता येतं का, हे मला कुणी विचारलं की मान आपोआप ताठ व्हायची. संगीताच्या बाबतीत तो शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. बँडमध्ये गाणं ऐकायचं, बसवायचं आणि वाजवायचं. गाणं वाचायचं असतं, हे कोण कशाला सांगणार?

पहिल्या रविवारी खुर्चीवर बसलो आणि समोरच्या स्टँडवरचा कागद पाहिला. पाच रेघा आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग. सहकारीण माझ्या डावीकडे बसून बासरी जोडत होती. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. "येतं की, मी इंजिनिअर आहे," हे वाक्य कानात घुमत होतं, आणि तोंड काही उघडलं नाही.

मग मी जन्मभर जे करत आलो तेच केलं. पहिल्या तालमीत अगदी हळू, पहिल्या क्लॅरोनेटच्या सावलीत वाजवलं आणि सगळी तालीम फोनवर ध्वनिमुद्रित केली. पुढच्या रविवारपर्यंत ती रोज ऐकली, एमआरटीच्या मेट्रोत, जेवताना, भांडी घासताना. शेजारी पान उलटलं की मीही पान उलटत असे. दोनतीन आठवड्यांत माझं वाजवणं इतकं बसलं की कुणाला शंका आली नाही.

तालमी घेणाऱ्या बाई अमेरिकन होत्या. साठी ओलांडलेल्या, एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. तिथं सगळे त्यांना सरळ नावानं हाक मारत. मला ते जमेना. माझ्या गावी शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात, म्हणून मनातल्या मनात त्या माझ्या बाईच झाल्या. नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. न्यूयॉर्कमधल्या एका कुटुंबाची गोष्ट, पणजीपासून पणतीपर्यंत, आणि प्रत्येक पिढी आपापल्या काळच्या संगीत नाटकात जसं गायचे तसं गाते. त्यामुळे नाटक बसवता बसवता त्या आम्हाला सगळा इतिहास सांगत, आणि मी आ वासून ऐकत असे.

पणजी जहाजातून उतरते आणि वॉल्ट्झ गाते. तीन तीन मात्रांचं, युरोपातून तिच्या ट्रंकेबरोबर आलेलं गाणं. बाई म्हणाल्या, त्या काळी गाणं सुरू झालं की गोष्ट थांबायची, सगळे उभे राहून ऐकायचे, मग गोष्ट पुढे जायची. हे मला फार ओळखीचं वाटलं. मग पणजीचा मुलगा एका करमणुकीच्या थिएटरात पियानो वाजवू लागतो, आणि तिथं रॅगटाइम येतं. डावा हात वरातीतल्या ढोलासारखा सरळ चालतो, आणि उजवा मुद्दाम ठोका चुकवून पुढेमागे पडतो. ऐकणाऱ्याचे पाय स्वस्थ बसत नाहीत. हे संगीत काळ्या लोकांनी घडवलं, असं बाईंनी सांगितलं. ज्या थिएटरांत त्यावर टाळ्या पडत, त्यातल्या कित्येकांत ते घडवणाऱ्यांना पुढच्या दारानं प्रवेश नव्हता.

मी मान खाली घालून क्लॅरोनेटची पत्ती ओली करत बसलो. आमचा बँड मांडवाच्या तोंडाशी वाजायचा. आत बोलावणं यायचं ते शेवटची पंगत उठल्यावर.

आणि ती गाणी लिहिणारे कोण होते? बाई सांगत होत्या, त्यांतले पुष्कळ जण युरोपातून पळून आलेल्या गरीब ज्यूंची मुलं, शिंप्यांची, फेरीवाल्यांची, प्रार्थनामंदिरात गाणाऱ्यांची. त्यांनी बापाच्या प्रार्थनेतले सूर आणि शेजारच्या काळ्या वस्तीतला ठेका एकत्र केला आणि सगळ्या जगानं गुणगुणावीत अशी गाणी केली. गाण्याचा साचाही केवढा साधा! आठ मात्रागटांची एक ओळ, तीच पुन्हा, मग वेगळी ओळ, मग परत पहिली. म्हणजे मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. मी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता.

बायको पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. ती म्हणाली, "अरे, तू असं सांगतोयस जसं काही हे सगळे तुझे काका लागतात."

"लागतातच," मी म्हणालो.

फोनवर अण्णांना सांगितलं तर त्यांचे प्रश्न निराळेच.

"कुठं बसून वाजवायलात?"

"स्टेजच्या पुढं खड्डा असतो अण्णा, त्यात. लोकांना आम्ही दिसत नाही."

"खड्ड्यात? अन् जेवण?"

"आपापलं आणायचं."

"सुपारी किती?"

"सुपारी नाही. हौस म्हणून आहे."

"म्हणजे फुकट, उपाशी, अन् वरून खड्ड्यात." ते खोखो हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "सूर कोणता हाय?"

"जास्त करून काळी दोन."

"मंग सोपंय. घाबरू नको."

खरी गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही.

बाईंनी आम्हाला सगळ्यात जास्त वेळ दिला तो तिसऱ्या पिढीच्या गाण्याला. पणजीची नात आता मोठी झाली आहे, तिला घर सोडून जायचं आहे, आणि ती आईला ते सांगते. बाईंनी आधी त्या मुलीला सगळे शब्द नुसते बोलायला लावले. ती बोलली, आम्ही ऐकलं, ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, आता बोलता बोलता जिथं तुला शब्द पुरेनासे होतील तिथं गायला लाग. मुलगी दोन वाक्यं बोलली, तिसऱ्या वाक्यात तिचा आवाज वर उचलला गेला आणि ते गाणं झालं, कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, इथून अमेरिकन नाटक बदललं. आता गाणं काढून घेतलं तर गोष्टीला भोक पडतं. गाणं सुरू होताना मुलगी आईच्या घरात असते, आणि गाणं संपतं तेव्हा मनानं बाहेर पडलेली असते.

बारावीनंतर औरंगाबादच्या एसटीत बसताना मी अण्णांना काय बोललो होतो, ते आठवत होतं. "जातो" एवढंच. गाण्याइतकं तर सोडाच, बोलण्याइतकंही काही सुचलं नव्हतं.

त्याच गाण्यात माझं बिंग फुटलं.

गाण्याच्या आधी आई आणि मुलीचं बोलणं आहे. बोलण्याखाली वाद्यं दोन छोटे मात्रागट हळू आवाजात वाजवत राहतात. माझ्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत ते दोन गट चार वेळा वाजले होते. चार वेळा, मग गाणं. मी ते तसंच पाठ केलं होतं. त्या रविवारी आईचं काम करणारी नटी वाक्य विसरली. प्रवेश लांबला. वाद्यवृंद तेच दोन गट पाचव्यांदा, सहाव्यांदा वाजवत राहिला आणि मी चौथ्यानंतर एकटाच, चांगल्या भरल्या आवाजात, गाण्यात शिरलो.

सगळं थांबलं. व्हायोलिनवाल्यांनी माना वळवल्या. मागून ड्रमवाला म्हणाला, "अरे, तू कुठल्या गावाला निघालास?" काही जण हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या कागदावर तिथं काय लिहिलंय?"

मी कागदाकडे बघितलं. तिथं इंग्रजी अक्षरं होती, ती मला सहज वाचता येत होती, पण इतके आठवडे त्या पानावर माझी नजर कधी टिकलीच नव्हती. पान उलटायचं तेवढ्यापुरतं ते होतं. मी म्हणालो, "बाई, मला नोटेशन वाचता येत नाही." घाबरून 'बाई' मराठीतच निघालं.

सहकारिणीनं बासरी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मग इतके दिवस कसं वाजवलंत?"

"ऐकून."

"सगळं? दोन्ही अंक?"

"हो."

बाई उठून माझ्या स्टँडपाशी आल्या आणि त्या जागेवर बोट ठेवलं. लिहिलं होतं ते साधारण असं: तयार होईपर्यंत वाजवत राहा. याला व्हॅम्प म्हणतात, त्या म्हणाल्या. नट बोलतो, चालतो, कपडे बदलतो, विसरतो. तो तयार होईपर्यंत वाद्यांनी तेवढेच सूर फिरवत ठेवायचे. कितीदा ते कुणालाच माहीत नसतं. हाताची खूण झाली की पुढे.

ऐकताना मला हसू येत होतं आणि रडूही. वरात चौकात अडते. नवरदेवाचे मित्र नाचायचं थांबत नाहीत, घोडा हलत नाही. अण्णा मागे न बघता म्हणतात, "फिरवत ठेव," आणि आम्ही मुखड्याचा तेवढाच तुकडा पन्नास वेळा, शंभर वेळा फिरवतो, ते हात उचलेपर्यंत. मला जर या जगात एखादी गोष्ट पक्की येत असेल तर ती ही. आणि नेमकी तीच चुकली, कारण हे अमेरिकेचं, छापलेलं, मोठ्या लोकांचं संगीत. यात सगळं ठरलेलंच असणार अशी माझी श्रद्धा. वाट बघत वाजवणं हे आमच्यासारख्यांचं काम, इथं तसं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी हे बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा सूर मला आवडतो. त्यात ऊन आहे. पण खुर्चीचं मला नक्की सांगता येत नाही. खड्ड्यात बसल्यावर ऐन वेळी बदल होतात. मी सांगेन, इतक्यापासून इतक्यापर्यंत गाळा. जे अजून कुणी वाजवलेलंच नाही ते तुम्ही ऐकणार कुठून?"

तीन आठवड्यांनी गाणारे आणि वाजवणारे पहिल्यांदा एकत्र बसणार होते. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चालू शकलो तर खुर्ची माझी. नाहीतर त्या दुसऱ्या कुणाला विचारणार होत्या. त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की राग यायला जागाच राहिली नाही.

परतताना एमआरटीत सहकारीण म्हणाली, "मी वाचण्याचं विचारलं तेव्हा तुला वाटलं मी एबीसीडी विचारते?"

"हो."

ती इतकी हसली की समोरच्या सीटवरच्या आजी आमच्याकडे बघू लागल्या. हसून झाल्यावर म्हणाली, "उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत. कॅन लाह, जमेल."

दुसऱ्या दिवशी तिनं हॉकर सेंटरच्या टेबलावर पाच चॉपस्टिक आडव्या मांडल्या आणि त्यांवर शेंगदाणे ठेवत गेली. काडीवरचा शेंगदाणा हा, दोन काड्यांच्या मधला तो. मी सूर सांगायचा. चुकला तर तो शेंगदाणा ती खायची. पहिल्या आठवड्यात तिचं पोट चांगलं भरलं. तिच्या बासरीच्या सुराशी जुळवून मी कुठल्या शेंगदाण्याला कुठली बोटं हे पाठ केलं आणि घरी कागद उघडला तर सगळं बेसूर. क्लॅरोनेटच्या कागदावर लिहिलेला सूर आणि कानाला येणारा सूर यांत एका पूर्ण सुराचा फरक असतो, हे मला माहीत नव्हतं आणि तिला सांगायचं सुचलं नव्हतं. चार दिवसांची मेहनत पुसून पुन्हा पहिल्यापासून.

"पस्तिसाव्या वर्षी बालवाडी," बायको म्हणाली. "डबा देऊ का बरोबर? पाण्याची बाटली?" पण फ्रिजवर पाच रेघांचा मोठा कागद चिकटवला तो तिनंच, आणि मी पाणी घ्यायला गेलो की बोट ठेवून विचारायची, "हा कोण?"

सूर कळले तरी काळ कळेना. कोणता ठिपका किती वेळ टिकतो, गप्प बसायची खूण कोणती. ते एका दुपारी कामावर उलगडलं. यंत्रातून निघणाऱ्या सिग्नलचा आलेख माझ्या पडद्यावर होता. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर पातळी, मध्ये सपाट रेघ म्हणजे काही नाही, थांबा. असले आलेख मी दहा वर्षं वाचत होतो. त्या पडद्यासमोर उभा राहून मी नाटकाचा कागद काढला, आणि तो पहिल्यांदा मला ओळखीच्या माणसासारखा दिसला. हे कुणी शोधलं असेल? शेकडो वर्षांपूर्वी कुणालातरी वाटलं की सूर कागदावर ठेवावा, म्हणजे जिथं आपण नाही तिथंही तो वाजेल. आणि त्याच्या त्या युक्तीमुळे न्यूयॉर्कचा वॉल्ट्झ आंग मो किओत माझ्या हातात होता. मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

तो रविवार आला. शाळेच्या सभागृहात स्टेजपुढच्या फळ्या काढून खड्डा मोकळा केला होता. आम्ही खाली बसलो, गाणारे वर काठावर खुर्च्या मांडून. पहिला अंक नीट गेला. एकदोन सूर घसरले, ते इतरांचेही घसरत होते.

शेवटच्या गाण्यात पणती येते. ती गातच नाही, रॅपमध्ये बोलते. त्या सुमारास न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर रॅप नुकतं स्थिरावत होतं, आणि बाई म्हणायच्या, हेही तेच आहे, शब्द इतके की साध्या चालीत मावत नाहीत. पणती तिच्या ठेक्यात बोलत असते आणि तिच्या बोलण्यावरच मागून पणजीचा वॉल्ट्झ सुरू होतो. दोन वेगळ्या काळांची गाणी एकाच वेळी, आणि एकमेकांत बसतात. या ठिकाणी दुसरं क्लॅरोनेट बत्तीस गट गप्प असतं, मग एकटंच वॉल्ट्झची ओळ उचलतं. आजवर मी तिथं ओळखीची एक ओळ ऐकून आत शिरत असे.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "हे लांबतंय. दुसऱ्या कडव्यापासून बारा गट गाळा. तिसऱ्यापासून थेट जोडा. पेन्सिली काढा."

माझ्याकडे पेन्सिल नव्हती. सहकारिणीनं न बघता आपली पुढे केली. मी गट मोजले, आडवी खूण केली, पलीकडे दुसरी खूण केली. बत्तीसातून बारा गेले, वीस उरले. माझी ओळखीची ओळ गाळलेल्या भागात होती.

पणती सुरू झाली. मी ऐकणं बंद करायचा प्रयत्न केला आणि ते जमेना, कारण ते इतकं सुंदर होतं. शेवटी ऐकता ऐकताच मोजत राहिलो, प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर त्या गटाचा आकडा. एक, दोन तीन. दोन, दोन तीन. वरून पणजीचा आवाज आला, तिच्या खाली पणतीचे शब्द सरसर धावत होते, आणि माझं बोट मांडीवर गट मोजत होतं. अकरा. बारा. आजूबाजूला जे वाजत होतं ते या क्रमानं मी कधीच ऐकलं नव्हतं, तिथं कुणीच ऐकलं नव्हतं. सतरा. क्लॅरोनेट ओठांना लावलं. एकोणीस. श्वास घेतला. वीस, दोन तीन.

मी वाजवलं.

सूर बरोबर जागी पडला आणि वॉल्ट्झ चालू लागला. बाईंचा हात माझ्याकडे वळला नाही. त्या व्हायोलिनना आवाज वाढवायची खूण करत होत्या. ड्रमवाल्यानं मान वर केली नाही. सहकारीण तिच्या पुढच्या ओळीची तयारी करत होती. त्या सबंध खड्ड्यात एकाही माणसानं माझ्याकडे बघितलं नाही. मी पान उलटलं, या वेळी सगळ्यांच्या आधी, आणि पुढची ओळ वाचायला लागलो.